गळ्यातला कल्ला

माशाला इतका मान देणारा आणि त्यापायी माणसांना उपाशी ठेवणारा माझ्या व्याह्यांसारखा गृहस्थ अख्ख्या रायगडात दुसरा नाही. असेल तर त्याने माझ्यासमोर येऊन बसावं. माझा जन्म उरणच्या मिठागरात गेला, शाळा चौथीत सुटली. हे किहीमचे. माशांच्या रक्तात कॅल्शियम किती असावं, एवढ्या एका गोष्टीवर कॉलेजात शिकवून निवृत्त झाले. माझ्या मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आम्ही रीतीप्रमाणे जिताडा मासा आणला. व्याह्याला जिताडा घातला नाही तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. बायकोने विळी मांडली आणि हे पाटावरून उठून थेट चुलीपाशी! "विहीणबाई, थांबा! मूत्रपिंड चिरू नका!" मग खिशातून भिंग काढून, कण्याला चिकटलेल्या काळपट मांसात तांदळाएवढे पांढरे दाणे शोधत बसले. समुद्रात कॅल्शियम उदंड, ते माशाच्या अंगात भरमसाट शिरू नये म्हणून या दाण्यांतून हार्मोन पाझरतं, हे समजून घेता घेता दुपारचं जेवण चार वाजता झालं. "राखणदार आहे हो तो माशाचा," असं ते म्हणाले. बायको पुटपुटली, "राखणदार रश्श्यात गेला तर चालंल ना?"

नवी ओळख झाली की ते माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. नातवाच्या बारशाला पाळण्यात वाकून त्यांनी पोराच्या मानेवर बोट ठेवलं आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "इथे याच्या पूर्वजांचे कल्ले होते." त्यांच्याच बायकोने तिथल्या तिथे पोराची दृष्ट काढली.

गेल्या वर्षी चहाची किटली उचलताना माझं मनगट मोडलं. नुसती किटली! डॉक्टर म्हणाले, गळ्यातली एक ग्रंथी वाढलीय, ती हाडांतलं कॅल्शियम ओढतेय, काढावी लागेल. नाहीतर उद्या खुबा मोडेल. मी म्हटलं, मोडू दे, गळा कापून घेणार न्हाय. मुलगी रडली, बायकोने बोलणं सोडलं, मी ढिम्म.

तेव्हा व्याही एसटीने आले. चप्पल काढायच्या आधीच सुरू. "व्याही, मासा जमिनीवर आला."

"कवा?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"मंग आज एवढी घाई कसली?"

ते हसले नाहीत. जमिनीवर कॅल्शियमची टंचाई, म्हणून कल्ल्यांच्या जागी गळ्यात मसुरीएवढे चार दाणे आले. रक्तात कमी पडलं की हाडांतून काढून द्यायचं, हे त्यांचं काम. "तुमचा एक खुळावलाय. टंचाई नसताना हाडं उकरतोय."

"मंग मी परत समुद्रात जाऊन बसतो. तिथं भरपूर हाय."

दुसरा कोणी हसला असता. यांनी खरंच विचार केला. लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. शेवटी दिलगिरीने म्हणाले, "नाही जमणार, व्याही. तुमच्याकडे आता तेवढा वेळ नाही."

मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. पण मला इतकं सरळ कुणी सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल झालो.

आत नेताना त्यांनी माझा हात धरला. हजारो मासे चिरलेला तो हात माझा हात सोडेना. "घाबरलात व्हय?" मी विचारलं.

"मासे कधी बोलले नाहीत हो माझ्याशी," ते म्हणाले.

आता हाडं भरताहेत म्हणतात. व्याही महिन्यातून एकदा येतात, गळ्यावरच्या व्रणाकडे बघतात आणि नजर वळवतात. त्याविषयी एक अक्षर सांगत नाहीत. मी मात्र चहा निवेपर्यंत वाट बघतो, सांगतील काहीतरी म्हणून.