मऊ चिंबोऱ्या

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर पेन हातात आलं ते इथे परदेशात, बेडोकला, तेही नातीचं. हे कुणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते.

मुलाची बँकेतली नोकरी गेली तेव्हा त्यानं चिंबोऱ्या पाळायचं काढलं. इथे फ्लॉवर क्रॅब म्हणतात ती जात. पाठीवर नक्षी, मागचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे, पाण्यात माशासारखी पोहते. जुनं कवच टाकलं की अंग अगदी मऊ असतं आणि तेवढ्यात काढली तर हॉटेलवाले चांगला भाव देतात. सासऱ्यांकडून पैसे घेऊन त्यानं एका मासे पाळणाऱ्याच्या शेडमध्ये टाक्या मांडल्या. तेव्हापासून विहीणबाईंचा फोन आला की मी नातीच्या हातात द्यायची.

एकेकीला वेगळा डबा घ्यायचा तर खर्च फार. मुलानं सगळ्या एकत्रच सोडल्या.

"आई, पोटभर खायला घातलं की कशाला भांडतील?"

मलाही ते पटलं. आमच्या घरात तसंच चालतं.

एका रविवारी नात आणि मी त्याच्याबरोबर गेलो. टाकीच्या तळाशी एक चिंबोरी निपचित पडली होती.

"आजी, दिस वन डेड ला!" नात तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली.

मुलानं जाळीनं वर काढली तर नुसतं पोकळ कवच. ज्या चिंबोरीनं ते टाकलं होतं, तिचे दोन पाय तेवढे कोपऱ्यात उरले होते. बाकीच्या टाक्यांतही तेच. जी मऊ झाली तिला इतरांनी खाल्लं होतं.

घरी आला तो खोलीत जाऊन पडला. दोन दिवस जेवायलाही बाहेर येईना. सूनबाई दारात उभी राहून म्हणायची, "अहो, बाबांना निदान सांगा तरी! की तेही मीच करू?" तिचंही चूक नव्हतं, पैसे तिच्या वडिलांचे. मी सहसा दोघांच्या मध्ये बोलत नाही. त्या दिवशी तिला स्वयंपाकघरात घेतलं.

"थोडे दिवस नको टोचूस गं त्याला. मऊ झालाय तो."

ती डोळे पुसता पुसता हसली. "म्हणजे तुमचा मुलगा चिंबोरी?"

"मग काय! लहानपणापासून आडवाच चालतो."

त्यानंतर ती चहा आत ठेवून न बोलता बाहेर यायची. एका सकाळी तो आपणहून उठला आणि सासऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. उरलेल्या चिंबोऱ्यांना त्यानं वेगवेगळे डबे केले. त्या जगल्या, विकल्याही गेल्या, पण त्यातून विजेचं बिल जेमतेम सुटलं. शेवटी सेरंगूनला एका लहान ऑफिसात हिशेबाची नोकरी मिळाली, तेव्हा शेड सोडली. पगारातून दर महिन्याला थोडे थोडे पैसे सासऱ्यांना जाऊ लागले.

गेल्या आठवड्यात शेवटचे गेले. विहीणबाईंना मी स्वतः फोन लावला आणि सांगितलं, सगळे फिटले.