चुनाभट्टीच्या पाटीवरचं नाव

आता देवासहून धारला जायचं म्हटलं की अंग मोडून येतं. इंदूरला उतरा, दुसरी बस धरा, वर हे ऊन. तरी वर्षभर हेलपाटे घातले. धारबाहेरची जुनी चुनाभट्टी जतन करायचं सरकारी खात्यानं ठरवलं होतं आणि तिथल्या दगडी पाटीचा मजकूर माझ्या गळ्यात पडला होता. माझे वडील त्या भट्टीवर ओव्हरसियर होते. मी रिटायर मास्तर, वर फुकटात लिहून देणार. आणखी काय हवं होतं त्यांना?

माहितीसाठी गंधवानीकडच्या एका म्हाताऱ्याला गाठलं. भट्टीत दगड आणि लाकूड थरावर थर रचायचं, मग आग सांभाळत बसायचं, हे त्याचं काम. भाजलेली चुन्याची कळी पाण्यात विझवायची त्याची बायको. पाणी पडलं की चुना खदखदून उसळतो. एकदा तो तिच्या डोळ्यांत उडाला आणि दोन्ही डोळे गेले. चेहऱ्यावर बांधायला साधं फडकं कुणी दिलं नव्हतं. देखरेख माझ्या वडिलांची होती, पण म्हाताऱ्यानं ते बोलून दाखवलं नाही. पाटीवर तिचं नाव घाला, एवढंच म्हणाला. घालतो, म्हणालो.

आणि घातलंही होतं. मग खात्याच्या साहेबांचा फोन आला, "भिया, दगडावर पाचच ओळी बसतात, काटछाट करा." मी वैतागलो होतो, थकलो होतो. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी कागद लिहिले गेले. आधी अधिकाऱ्याचं नाव, जागा उरली तर बाकीचे. हात सवयीनं चालला. वडिलांचं नाव राहिलं, तिचं गेलं. खरं सांगतो, तेव्हा लाज वाटली नाही. सुटलो एकदाचा, असंच वाटलं.

उद्‌घाटनाला म्हातारा बायकोला हाताला धरून घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं. लोक चहाकडे वळल्यावर त्यानं हळूच विचारलं, "साब, इसका नाम किधर है?"

सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. मी तिचा हात धरला आणि वडिलांच्या नावावर टेकवला.

कोरलेल्या अक्षरांवरून तिनं सावकाश बोटं फिरवली, अगदी शेवटपर्यंत. "इत्ता बड़ा लिखा," ती म्हणाली, आणि बोट उचलून पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवलं.