पुली बदललेला कॉम्प्युटर

माझी लेक काविळीने गेली. तिचा आवाज मागे राहिला होता, तो आमच्या घरच्या कॉम्प्युटरने खाल्ला. लोक म्हणतात, पोरगी दोनदा गेली. तसलं काही नसतं. माणूस एकदाच जातं. पण जे उरलं होतं तेही राहिलं नाही, एवढं खरं.

मी चौथीपर्यंत शिकले. कॉम्प्युटरचं मला कळतं ते मुलाने सांगितलं तेवढं, आणि पुढे दुरुस्तीवाल्याने सांगितलं तेवढं.

आम्ही खानदेशातून सुरतेला आलो ते मागावर राबायला. माझे मालक लिंबायतला एका खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, माग चालवायचे. शेठला कापड जास्त हवं झालं की तो मागाची पुली बदलून घ्यायचा. माग पिसाळल्यासारखा धावायचा आणि धाग्याच्या तारा तुटायच्या. तार तुटली की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. बापाचा डबा घेऊन जाता-येता मुलाने हेच पाहिलं. आता तो घरी बसून साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं बनवतो. कॉम्प्युटर जुना, व्यापाऱ्यांची घाई रोजची. त्याने फोनवर कसलेसे व्हिडिओ पाहिले आणि कॉम्प्युटरचा प्रोसेसर, म्हणजे आतला जो भाग सगळे हिशेब करतो, तो कंपनीने ठरवला होता त्याहून जोरात पळवला.

मी विचारलं, "पुली बदलली का रे?"

तो हसला. "तसंच समज, माय. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात."

कॉम्प्युटरचा डबा तापायला लागला. त्याने बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं आणि समोर टेबलफॅन लावला. त्या उन्हाळ्यात आम्ही घामाने भिजायचो आणि वारा खायचा कॉम्प्युटर. सून म्हणाली, "अहो, एवढा तापलाय तर पापड तरी भाजून घेते त्याच्यावर."

मधूनच पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद पडायचं. मी म्हणायचे, हे बरं लक्षण नाही. तो बटण दाबून परत चालू करायचा. "तार तुटली, जोडली. तुले काय समजस त्यातलं?"

लेक गेल्यावर तिची मुलगी आमच्याकडेच वाढली. लेक जिवंत असताना या मुलीनेच आईची गाणी फोनवर भरून ठेवली होती. भांडी घासताना, रोट थापताना लेक गायची. हळदीची गाणी तर तिला सगळी यायची. गल्लीत कुठे हळद असली की बायका तिला बोलवायला यायच्या. फोनमधल्या गाण्यांमागे शेजारच्या खात्यातल्या मागांची खडखड होती. मला ती खडखड कधी खुपली नाही.

नातीचं लग्न ठरलं. ती मामाला म्हणाली, "माझ्या हळदीला आईचं गाणं लावायचं." मामाला भाचीचं कौतुक. तो म्हणाला, मागांचा आवाज काढून टाकतो, नुसता ताईचा आवाज राहील. त्याने फोनमधलं कार्ड काढलं, सगळी गाणी कॉम्प्युटरात घेतली, साफ केली आणि साफ केलेली तेवढी ठेवली. पहिल्या गाण्याची सुरुवात ऐकली. चांगली होती. म्हणून त्याने कार्ड पुसलं आणि त्यावर डिझाइनं भरून एम्ब्रॉयडरीच्या मशीनवाल्याला देऊन आला. त्या जुन्या फोनची बॅटरी फुगलेली होती, तो सुनेने भंगारवाल्याला दिला. कोणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. सगळे लग्नाच्या गडबडीत होते.

हळदीच्या आदल्या दिवशी त्याने गाणं लावून पाहिलं. गाण्याआधी त्यात लेक मला म्हणाली, "माय, हसू नको ना." मग दोन ओळी गायली. मग खर्रर्र असा आवाज आला आणि पुढे काही नाही. बाकीची गाणी उघडलीच नाहीत. मुलगा उघडत राहिला. नात दारात उभी होती.

तो डबा रिक्षात घालून आम्ही उधन्याला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बराच वेळ बघितलं आणि मुलाला विचारलं, स्पीड वाढवून ठेवला होता ना? मुलाने मान हलवली. तो म्हणाला, ताकदीबाहेर पळवला की हा हिशेबात चुकतो. दर वेळी बंद पडतोच असं नाही, चुकलेलंही लिहून ठेवतो आणि पुढे जातो. वरून काही दिसत नाही. कार्डावर नंतर दुसरं भरलंत, आता तिथूनही निघणार नाही. मग माझ्याकडे वळून गुजरातीत म्हणाला, "गयुं ते गयुं, बा."

मागाची तार तुटली की डोळ्यांना दिसते. माझा मुलगा तेवढंच शिकला होता. न दिसता तुटणारं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने स्पीड पहिल्यासारखा केला. आता कॉम्प्युटर बंद पडत नाही. झाकण लावलं, पंखा आमच्याकडे आला. त्या पंख्याचा वारा मला लागला की राग येतो. पण बहीण त्याचीही होती. तो त्या दिवशी जेवला नाही आणि मी त्याला आग्रहही केला नाही.

नातीने ते दोन ओळींचं गाणं आपल्या फोनात घेतलं होतं. मी तिला सांगितलं, "लावू नको ते. सगळ्यांसमोर तिथेच तुटेल."

"नाही लावत, आजी," ती म्हणाली.

हळदीला बायका जमल्या, गायल्या. चांगल्या गायल्या. नात पाटावर बसली होती. पदराखाली तिच्या कानात बारीक वायर मला दिसली, आणि शेजारणीलाही दिसली. ती ओरडली, "बघा गं, नवरीला हळदीतही नवऱ्याचा फोन सुटत नाही!" बायका खिदळल्या. नात खाली बघत राहिली.

मी तिच्या गालाला हळद लावायला वाकले. ती थोडी हसली, मग एकदम थांबली. थोड्या वेळाने पुन्हा तशीच हसली आणि पुन्हा तशीच थांबली. तिने ते परत परत लावून ठेवलं होतं. गाणं कुठे तुटतंय ते मला तिच्या तोंडावरून कळत होतं.