तीन हाकांची रेकॉर्ड

लाऊडस्पीकरवाला लोकांना दोनदाच आठवतो. आपल्या घरी लग्न निघालं की, आणि शेजारच्या घरी लागलं की. पहिल्या वेळी गूळपाणी मिळतं, दुसऱ्या वेळी शिव्या. या दोन्हींच्या मधे आम्ही किती अंगणांत बसलो आणि काय काय ऐकलं, त्याचे किस्से आता वायरींसारखे झालेत. एक सोडवायला घ्यावा तर सगळा गुंता मांडीवर येतो. आज त्यातली एकच वायर ओढतो. मित्रमंडळी जमली की हीच मागतात, आणि ऐकून झालं की एकमेकांच्या सोबतीनं घरी जातात.

आमची कंपनी तिघांची. वसंता मालक, कर्जतच्या बाजारात त्याचं साऊंड सर्विसचं दुकान. दगडू शेलूचा, झाडावर चढून भोंगा बांधणं हे त्याचं काम. हा गडी भुतांना भ्यायचा आणि रोज नव्या झाडावर चढायचा. तिसरा मी. माझं शेजारीच घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं, त्यामुळे मशीन बिघडलं की माझ्याकडे, आणि बिघडलं नसलं तरी माझ्याकडेच.

*

एका मराठी पिक्चरचं शूटिंग आमच्या नदीवर झालं होतं. पिक्चरचं नाव सांगत नाही. ती पिक्चरवाली कंपनी कधीच गुंडाळली, पण नातेवाईक असतात. हिरो परगावी असतो आणि आई नदीकाठी उभी राहून त्याला हाक मारते, असा सीन. पडद्यावरची आई मुंबईची. तिला हाकच मारता येईना. ती आपली टॅक्सी थांबवल्यासारखी ओरडायची.

आवाज टिपणारा माणूस वैतागून पलीकडे गेला, तर तिथे भर उन्हात एक बाई खरीच हाक मारत होती. "बाळाऽऽ, ये रंऽऽ." ही भिसेगावची भागीरथीमावशी. त्यानं तिचीच हाक टेपवर घेतली आणि पिक्चरमध्ये घातली.

बाळा मावशीचा एकुलता एक. शूटिंगच्या आधी काही वर्षं, तो दहा वर्षांचा असताना एका दुपारी मावशीनं त्याला कशावरून तरी चापट मारली. तो रुसून बाहेर पडला तो पडलाच. नदी धुंडाळली, काही हाती लागलं नाही. कुणी म्हणे मालगाडीत चढताना पाहिला. नवरा आधीच गेलेला, आता पोरही गेलं. पण मावशीनं कधी रडारड केली नाही, रोज दुपारी नदीवर जाऊन हाक मारायची. तिचं म्हणणं एवढंच, की आपली हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. नाहीतर पोर तसं शहाणं आहे, आलं असतं.

पिक्चरच्या गाण्यांची छोटी तबकडी निघाली, तशी ती दुकानाच्या पायरीवर हजर. "वसंता, माजी हाक हाय का रं त्यात?"

"मावशी, यात नुसती चार गाणी हायत."

"मग हाकंची कदी येनार?"

वसंता हसला. मला काही हसू आलं नाही. त्यानंतर ती दर बाजाराला येऊन विचारायची, "आली का रं?" गाडीची चौकशी करावी तसं.

*

आली. पिक्चर बरा चालला म्हणून रेकॉर्ड कंपनीनं मोठी लाँगप्ले काढली. गाणी तीच, मधे मधे संवाद घातलेले. दुसऱ्या बाजूच्या शेवटी वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून मावशीची हाक. थिएटरात तिच्यावर व्हायोलिनं ओतली होती. इथे ती मोकळी होती.

पहिल्यांदा लावली ती खालापूरच्या बौद्धवाडीतल्या एका लग्नात. पंगत बसली होती. भोंग्यातून आलं, "बाळाऽऽ, ये रंऽऽ." सगळे घास तोंडाशी थांबले. वाढपी वरणाची बादली घेऊन उभाच. एवढ्या माणसांत एकानंही मान वर केली नाही.

याला कारण आहे. आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. बाहेरून कुणी हाक मारली तर गप्प बसायचं. माणूस असेल तर तो तीनदा मारील. दुसरं काही असेल तर त्याला तीन पुऱ्या करता येत नाहीत, असं म्हणतात.

नवऱ्याचे काका शाळामास्तर, विचारानं पक्के. ते उठून म्हणाले, "आपण भूतबीत मानत नाही. जेवा सगळे." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "पण पोरांनो, ओ देऊ नका."

मावशी मशीनजवळ बसली होती. आमच्याबरोबर टेंपोतून आली होती. तिनं पंगतीकडे पाहिलंही नाही, रस्त्याकडे पाहत होती. रेकॉर्ड संपल्यावर तिनं विचारलं, "एकच? मी तर तीन मारल्या व्हत्या. माज्या दोन हाका कुठं ठेवल्या त्यांनी?"

"टेप वाचवायला कापल्या असतील, मावशी."

"मग कसा येल तो? मीच शिकवलंय त्याला, तीन झाल्याबिगर ओ द्यायची नाय."

तिचं दुखणं मला त्या दिवशी कळलं. पोर कुठेतरी उभं राहून उरलेल्या हाकांची वाट बघतंय, असं ती धरून चालली होती.

*

शिळफाट्याला एका हॉटेलचं उद्घाटन होतं. गल्ल्यावर मालकाचा मेहुणा. ऑर्डरी ओरडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याचा आवाज घाट चढून जायचा. आम्ही रेकॉर्ड लावली, हाक आली आणि या पठ्ठ्यानं गंमत म्हणून ठोकून दिलं, "ओ, आलो गं आय!"

चार गिऱ्हाइकं हसली. मेहुणा पुढची ऑर्डर द्यायला गेला तर तोंडातून नुसती हवा. पाणी प्याला, गूळ खाल्ला, मीठ चघळलं. काही नाही. उद्घाटनाच्या दिवशी त्यानं बोटांनी चहा मागवले. दोन बोटं म्हणजे दोन कटिंग, मूठ म्हणजे मिसळ.

मावशी याही वेळी आमच्याबरोबर आली होती, ती उठून त्याच्यापाशी गेली. रागावली नव्हती. "ती ओ तुजी नाय बाबा," ती म्हणाली. "माज्या पोराची हाय. जागच्या जागी ठेव."

कुठे ठेवायची ते त्याला कळेना. शेवटी त्यानं रस्त्याकडे तोंड करून हात जोडले. संध्याकाळपर्यंत आवाज आला, पण पहिल्यासारखा घाटापर्यंत जाईना.

*

वर्ष-दोन वर्षांनी त्याच पिक्चरची आणखी एक लाँगप्ले आली. नवं कव्हर, हिरोच्या फेट्याला नवा रंग. वसंता चिडला. "तोच पिक्चर, तीच गाणी. तीच नवरी किती वेळा बोहल्यावर चढवतात रे हे लोक?" असं म्हणत विकत घेऊन आला. त्याला राहवायचंच नाही.

दुकानात लावून पाहिली. वारा आला. हाक आली. मग जरा वेळानं दुसरी हाक आली.

आम्ही जुनी काढून लावली. त्यात एकच. परत नवी लावली. दोन.

वसंता मुंबईला गेला तेव्हा मुद्दाम कंपनीच्या ऑफिसात चौकशी करून आला. तिथला माणूस म्हणाला, "अहो, आतली तबकडी तीच आहे. आम्ही फक्त कव्हर बदललं. पब्लिक घेतं."

"मग दुसरी हाक?"

"टेपवर एकच आहे. मी स्वतः होतो."

वसंता हे सांगत असताना दगडू दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. मावशी मात्र खूश. "सापडली म्हना की येक," एवढंच म्हणाली.

*

ही दोन हाकांची रेकॉर्ड भिसेगावातच एका सत्यनारायणाला लावली होती. दगडू आंब्यावर भोंग्याशेजारी बसला होता, वायर सैल झाली होती म्हणून. भटजींची कथा संपलेली, माईक उघडा, त्याच्या आसपास कुणी नाही. पहिली हाक झाली. दुसरी झाली. आणि मग भोंग्यातून श्वास ऐकू आला.

खरखर नव्हे. खरखर मी जन्मभर ऐकली आहे. माणूस ओ देण्याआधी छाती भरून घेतं, तसा एकच श्वास. पुढे काही नाही. घेतला आणि धरून ठेवला.

दगडू झाडावरून उतरला तो फांद्या न मोजता. गुडघे सोलले. मी त्याला समजावलं की मशीनमधला व्हॉल्व्ह तापला की असं होतं. तो म्हणाला, "व्हालला छाती असती काय रं?"

मी मशीन खोलून साफ केलं. साफच होतं.

त्या दिवसापासून दगडू मावशीच्या मागे लागला. "मावशी, हाक तुजी खरी. पन ओ कोनाची आसंल, ठाव हाय का तुला? तिसरी झाली आन् भलतंच कोनी आलं तर?"

मावशी शेंगा निवडत होती. म्हणाली, "भलत्याला मी हाक मारलेलीच नाय."

दगडूनं आमच्या देखत वसंताला शपथ घ्यायला लावली, की पुन्हा त्या पिक्चरची रेकॉर्ड दुकानात आणायची नाही. वसंतानं घेतली. मीही मान डोलावली. मला मावशीची कीव यायची आणि त्या श्वासाची भीती वाटायची, आणि दोन्हींतलं जास्त काय होतं ते आजही सांगता येणार नाही.

*

पिक्चर पुन्हा थिएटरांत लागला आणि कंपनीनं तिसऱ्यांदा लाँगप्ले काढली. कव्हरवर सोनेरी अक्षरं, "खास आवृत्ती". वसंता तीन आठवडे शपथेला जागला. चौथ्या आठवड्यात कागदात गुंडाळून घेऊन आला. "आतली तीच असणार," तो म्हणाला. "कव्हर छान आहे म्हणून घेतली."

दुकानात लावायचं धाडस कुणालाच झालं नाही. मावशी म्हणाली, "माज्या अंगनात लावा. कार्य नको, मानसं नको."

वैशाखातली भर दुपार. बाळा असता तर एव्हाना लग्नाचा झाला असता. सगळं भिसेगाव दारं लोटून पडलं होतं. दगडू येणार नाही म्हणाला होता, पण आला आणि चिंचेवर भोंगा बांधून खाली माझ्या पाठीशी चिकटून बसला. मावशीनं घराला बाहेरून कडी घातली आणि अंगणात आमच्याजवळ येऊन बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या घराला मागचं दार नाही.

सुई मी ठेवली. वारा आला. पहिली हाक. दुसरी. मग तोच श्वास, धरून ठेवलेला.

"बाळाऽऽ, ये रंऽऽ."

तिसरी झाली आणि रेकॉर्ड संपली. मी सुई उचलली. मशीन बंद केलं, बॅटरीची वायरसुद्धा काढली. कुठे पान हलत नव्हतं. वसंताच्या तोंडावर जरा हसू येऊ लागलं होतं.

"ओऽ."

भोंग्यातून नाही. घरातून आली. कडी घातलेल्या दाराच्या आतून, अगदी जवळून. दहा वर्षांच्या पोराचा आवाज.

दगडूनं माझा दंड धरला, त्याचे वळ पुढे आठ दिवस होते. मावशी गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली. पदर नीट केला, कडी काढली आणि उंबऱ्यात उभी राहिली. आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आम्हाला काही दिसत नव्हतं.

"किती येळ लावलास रं," ती आत बघून म्हणाली. "भाकर खातोस?" मग थोडा वेळ ऐकत राहिली. मान हलवली. आत गेली, तांब्या-भांड्याचा आवाज झाला, घोंगडी झटकल्याचा झाला.

आम्ही तिघे होतो तिथेच. पळावं असंही सुचलं नाही.

ती परत दारात आली. चेहरा इतका निवांत मी तिचा कधी पाहिला नव्हता. ओठांवर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाली, "वसंता, भोंगा उतरवा आता. पोर दमून आलंय, निजू दे त्याला."