भाजीचे ओटे

आमच्या लहानशा शहराच्या नगरपालिकेने मंडईत भाजीवाल्यांसाठी सिमेंटचे ओटे बांधले. कमरेएवढे उंच, वर पत्रा, प्रत्येकावर नंबर. ठराव एकमताने झाला होता. आता महिना होत आला, तरी ओट्यांवर फक्त बायकांच्या चपला, जेवणाचे डबे आणि रिकामी पोती असतात. बायका ओट्यांच्या पुढ्यात जमिनीवरच बसतात.

शेवंताबाई माझी नेहमीची भाजीवाली. तिला विचारलं, तर कोथिंबिरीवर पाणी शिंपडत म्हणाली, "वर बसलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसल्यागत वाटतं, दादा. आन् दिवसभर उभं राहून विकायचं, तर गुडघे कुठनं आणू?"

पालिकेचा हेतू काही वाईट नव्हता. पण सभागृहात सगळे खुर्चीवर बसतात आणि खुर्चीवरून जग टेबलाएवढंच उंच दिसतं. या शहरातली निम्मी देवघेव मांडी घालून चालते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नसावं. शेवंताबाईला कुणी विचारलंही नसेल. विचारायचं तर वाकावं लागलं असतं.

आज पालिकेचा मुकादम नोटीस घेऊन आला. उद्यापासून जो खाली बसेल, त्याचा माल जप्त. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने ती वाचली. मग नोटिशीची घडी करून त्याने खिशात घातली, शेवंताबाईसमोर उकिडवा बसला आणि एकेका भेंडीचं टोक मोडून बघू लागला.