सहाव्या टोपलीमागचं गटार

"तू उतर गो. तुमका सवय आसा."

खेळाचे सर एवढंच म्हणाले. रागावून नाही, हसत. तेजसची खेळायची चकती कॅन्टीनमागच्या गटारात पडली होती. वर चहाचा चोथा, माशांची खवलं, तेलाचा तवंग. आम्ही आठजण काठावर. सातजणांनी माझ्याकडे बघितलं.

मी उतरले. सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली, हात कोपरापर्यंत घातला, चकती काढली. तेजसला द्यायला गेले तर तो दोन पावलं मागे सरला.

"धुऊन दी. साबण लावून."

मी धुतली. साबण लावून. त्याने ती रुमालाने पुन्हा पुसली. ते मी बघितलं.

'तुमका' म्हणजे कोणाला, हे तिथे कोणाला सांगावं लागलं नाही. मी मालवणजवळच्या एका बौद्धवाडीतली. माझी आई याच कॉलेजात रोजंदारीवर झाडू मारायची. गटार तुंबलं की बांबू घेऊन तीच जायची.

डिस्क गोल्फ हा शब्द मला कॉलेजात आल्यावर कळला. तेजसचे वडील संस्थेच्या कमिटीवर. त्यांनी बाहेर कुठेतरी हा खेळ बघितला आणि इथे कॉलेजच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, काजूच्या झाडांमधून, नऊ लोखंडी टोपल्या उभ्या केल्या. खांबावर टोपली, वर लोंबत्या साखळ्या. ठरल्या जागेवरून प्लास्टिकची चकती फेकायची. पडेल तिथून पुढची फेक; तिथून फेकता आली नाही तर दंडाची एक फेक वाढते. कमीत कमी फेकींत टोपलीत घालील तो जिंकला.

मला तो खेळ आला. सड्यावर समुद्राचा वारा आडवा येतो, चकती उचलून नेतो. बाकीचे जोर लावायचे. मी खालून फेकायची, वाऱ्याच्या पोटाखालून. साखळ्या खळ्ळकन वाजल्या की छातीत काहीतरी मोकळं व्हायचं.

पण त्या दिवसापासून माझं काम ठरलं. चकती करवंदाच्या जाळीत गेली, मला हाक. कौलांवर गेली, मला हाक. गटारात तर मीच. आणि मी जायची. लिहायला लाज वाटते, पण जायची. वाटायचं, आणून दिलं तर खेळू देतील.

मग निवडीचा दिवस आला. चौघांचा संघ गोव्याला खेळायला जाणार होता. पाच टोपल्या झाल्या तेव्हा माझ्या फेकी तेजसपेक्षा दोनने कमी होत्या. सहाव्या टोपलीला त्याची चकती वाऱ्याने उचलली आणि टोपलीमागच्या त्याच गटारात घातली. त्याने वळूनही बघितलं नाही. नुसता हात मागे केला.

"आण गो."

मी हलले नाही. ठरवलं नव्हतं. पाय उचललाच गेला नाही.

"आयकाक येना नाय काय तुका?"

तेवढ्यात कॅन्टीनच्या भिंतीकडून आई आली. झाडू टेकवून ठेवला, साडी वर खोचली.

"तुमी थांबा. मी काढतंय."

माझ्या वयाच्या मुलाला ती तुमी म्हणाली. तिचा एक पाय गटारात गेला. मी धावले, दंडाला धरून तिला वर ओढलं.

"आये, भायर ये."

"अगो, सर बघतत."

"बघांदेत."

मग तेजसकडे वळले. "चकती तुजी. तू काढ. नायतर दंडाची एक फेक धर. नियम तसोच आसा."

सर पुढे आले. आता ते मालवणी विसरले. ऑफिसात बोलतात तसं बोलले.

"चकती आणून दे, नाहीतर चालू लाग. आणि आईच्या कामाचा विचार कर."

मी माझी चकती उचलली. पाळी माझी होती. मी फेकली. चकती काजूच्या खोडावर आपटली. दुसरी फेक साखळीत गेली. राहिलेल्या तिन्ही टोपल्या मी एकटीने पुऱ्या केल्या. माझ्या फेकी कोणी लिहिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. माझं नाव नव्हतं. आईला कॉलेजच्या ऑफिसातून सांगितलं, उद्यापासून नको येऊ.

"तुजो खेळ झालो," आई म्हणाली, "माजी रोजी गेली." मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी प्राचार्यांना अर्ज लिहिला. खेळाच्या सरांचं 'तुमका सवय आसा' हे वाक्य त्यात जसंच्या तसं घातलं, मालवणीतच. प्राचार्यांनी वाचला, चष्मा काढला.

"गैरसमज झालाय बाळ. ते मजेत बोलले. हा अर्ज मागे घे, आईचं बघतो मी."

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "सरांनी काय म्हटल्यानी? परत सांग."

मी ते वाक्य तसंच सांगितलं.

तिने सूप बाजूला सारलं. "माजा पण नाव घाल त्या कागदार."

दुसरा अर्ज दोघींच्या सह्यांचा. तो घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. त्या सातजणांपैकी साक्षीला कोणी आलं नाही. एकीने निरोप धाडला, माझं नाव घेऊ नकोस. आईला अजून काम नाही. मी कॉलेज सोडलेलं नाही.

त्या दिवशी ठाण्यात अंमलदाराने अर्ध्यावर पेन खाली ठेवलं होतं.

"एका खेळावरून एवढं?"

"लिहून घ्या," मी म्हटलं. "नाही घेतलंत तर उद्या येऊ. परवाही येऊ."