पप्पांच्या खिशातला चष्मा

ईस्टर होऊन दोनच दिवस झाले होते आणि गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या पप्पांची कबर उघडायची होती...

सिंगापूरमध्ये जागेची टंचाई. कबर पंधरा वर्षांसाठीच मिळते. मग ती उघडतात, अस्थी काढून दहन करतात आणि रक्षा घरच्यांच्या हाती देतात. नियम माहीत होता, तरी नोटीस आली तेव्हा मी ती तीनतीनदा वाचली.

पप्पा नगरचे. आई गेल्यावर आमच्याकडे इथल्या क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि वर्षभरात झोपेतच गेले. मी आठ महिन्यांची गरोदर, विमानात घेईनात. त्यांना एकटं पाठवायला मन धजेना... म्हणून इथेच माती दिली. आई नगरच्या कबरस्तानात, पप्पा इथे. पंधरा वर्षं हे सलतंय.

कारण पप्पांचं सगळं ठरलेलं होतं. प्रभू येशू मेलेल्यांतून उठला तसे आपणही उठणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. गावाला जायची तयारी करावी तसं बोलायचे. "मला तुझ्या आईशेजारीच ठेव, उठल्यावर शोधाशोध नको. आणि चष्मा खिशात टाक, नाहीतर भलत्याच बाईला हाक मारीन!"

शेजारी ठेवणं जमलं नाही. चष्मा तेवढा मी त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवला होता.

नगरची आत्या, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, नोटिशीचं ऐकून फोनवर रडकुंडीला आली. "जाळू नको गं त्याला. उठायला काही शिल्लक तरी राहू दे." आमच्या पाळकसाहेबांनी मला समजावलं, ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेचं काय अवघड? मी मान डोलावली. खरं सांगू, मनाला काही पटलं नाही.

लेक शाळा बुडवून सोबत आली. पप्पा गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात जन्मलेली, आजोबा फक्त फोटोत पाहिलेले. "मम्मा, डोन्ट लुक लाह," असं इथल्या इंग्रजीत म्हणत माझा हात घट्ट धरून उभी होती.

पण मी पाहिलं. थोड्याशा अस्थी... बस्स. एवढा उंचापुरा माणूस! मी तिथेच ढसाढसा रडले.

मग खोदणाऱ्या अंकलनी माती झटकून काहीतरी माझ्या हातात ठेवलं. चष्मा! एक काडी मोडलेली, काचा मात्र शाबूत.

घरी येऊन आत्याला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, उद्या दहन आहे, रक्षा घेऊन मे महिन्यात येते. आईच्या कबरीतच ठेवू, चष्माही सोबत ठेवू. आत्याने चष्मा पाहिला आणि एकदम खेकसलीच माझ्यावर... "चष्मा कशाला? देव काय त्याला तेच अधू डोळे परत देणारे?"

आणि बोलता बोलता स्वतःच थांबली.

डोळे नवे मिळणार, तर हाडंही नवीच की! दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "आण बाई त्याला घरी. तुझी आई केव्हाची वाट बघतेय." इतकी वर्षं सलत होतं ते तिच्या या एका वाक्याने निघून गेलं. आत्या, तुझे उपकार गं.

दर ईस्टरला चर्चमध्ये ऐकते, भल्या पहाटे बायका येशूच्या कबरीपाशी गेल्या आणि कबर रिकामी. मला ती नुसती आनंदाची गोष्ट वाटायची. त्या रिकाम्या कबरीपाशी आधी त्या किती रडल्या असतील, ते यंदा कळलं.

नगरची तिकिटं काढली आहेत. चष्मा मात्र मी ठेवून घेतलाय, पप्पांच्या फोटोपुढे. रोज पुसते.

पप्पा, आईला तर तुम्ही लगेच ओळखाल. पण मला पाहिलंत तेव्हा मी पस्तिशीची होते... आता केस पिकलेत, जाडही झालेय. ओळखायला वेळ लागला तर हाक मारा. चष्मा माझ्याकडे आहे.